कुणी आपला ट्रॅक ऐकवला, तर

सगळ्यात आधी एकच विचारायचं: गाणं कुठवर आलंय? चाल नुकती सुचलीय, वाद्यं भरून झालीयत, की सगळं बसवून आता फक्त लोकांपुढे टाकायचं राहिलंय? याचं उत्तर मिळाल्याशिवाय हेडफोन कानाला लावू नकोस. ज्याची चाल अजून कच्ची आहे त्याला तू 'स आणि श फार टोचतात' असं सांगितलंस, तर तो दोन दिवस ते टोचणं काढत बसेल आणि चाल कच्चीच राहील. ज्याला उद्या सकाळी गाणं चढवायचंय त्याला 'अंतरा बदल' म्हणून काय उपयोग? त्याला आवाजांचा तोल सांगावा. अंतऱ्याचं बोलणं पुढच्या गाण्याच्या वेळी.

बाळा, तुझा कान चांगला आहे म्हणून मित्रमैत्रिणी तुझ्याकडे आपापले ट्रॅक पाठवतात, हे मला फार आवडतं. पण ऐकलेलं दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असं सांगता येणं ही निराळी विद्या आहे आणि ती शिकावी लागते. तुझ्या आत्यानं स्टुडिओत आधी पेटी वाजवली, मग सिंथेसायझर, मग कॉम्प्युटरवर प्रोग्रॅमिंग केलं. आता सांगतेय त्यातलं बरंचसं मला ज्येष्ठ अरेंजर आणि रेकॉर्डिस्ट मंडळींकडून मिळालं. ते हातून हातात यायचं, रेकॉर्डिंगच्या खोलीच्या काचेपलीकडे उभं राहून. तुमच्या पिढीला ती काच नाही. पोरंपोरी आपल्या खोलीत एफएल स्टुडिओ, रीपर, गॅरेजबँड उघडून बसतात, आगरी-कोळी गाणी करतात, गणपतीचे मिक्स करतात, भावगीतं करतात, रॅप करतात, आणि सगळं एकट्यानं शिकतात. त्यांच्या वाट्याला अभिप्राय येतात ते दोनच: 'भारी रे, एक नंबर' नाहीतर 'यात जान नाही, मशीन आहे'. दोन्ही ऐकून त्या मुलानं करायचं काय? तुझा अभिप्राय असा हवा की आज रात्री त्यानं फाइल उघडली तर नेमका कुठे हात घालायचा ते त्याला कळेल.

म्हणून ऐकण्याची शिस्त आधी. फाइल डॉक्युमेंट म्हणून मागव, जमल्यास वेव्ह, नाहीतर ३२० केबीपीएसची एमपी३. स्पीकरसमोर फोन धरून केलेल्या व्हॉइस नोटवर मत देऊ नकोस, तीत गाण्यापेक्षा खोलीच जास्त ऐकू येते. पहिल्या खेपेला सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग ऐक. थांबवायचं नाही, मागे न्यायचं नाही, लिहायचं नाही. फक्त मन कुठे भरकटलं, हात कुठे आपोआप मोबाइलकडे गेला, ती जागा लक्षात ठेव. ही एकदाच मिळणारी गोष्ट आहे. दुसऱ्या खेपेला गाणं ओळखीचं झालेलं असतं. ज्यानं ते केलंय त्याच्याकडे तर नव्या माणसाचा कान कधीच उरलेला नाही, आणि तेवढ्यासाठीच तो तुझ्याकडे आलाय.

दुसऱ्या खेपेला कागद-पेन्सिल घे. डावीकडे वेळ, उजवीकडे जे ऐकू आलं ते. ०:४८, हलगी. १:१२, शब्द कळला नाही. तिसऱ्या खेपेला यंत्र बदल. हेडफोनवर ऐकलं असेल तर फोनच्या स्पीकरवर ऐक, जमलं तर कुणाच्या गाडीत. फोनच्या इवल्याशा स्पीकरला पन्नास-साठ हर्ट्झचे स्वर पेलतच नाहीत, त्यामुळे तिथे बेस गायब झाल्यासारखा वाटतो. अशा वेळी बेस वाढवायला सांगू नकोस, वाढवला तर मोठ्या स्पीकरवर भिंती हलतील. बेसमध्ये वरचे स्वयंभू स्वर असतील तर त्यांच्यावरून आपला कान खालचा स्वर स्वतःच भरून घेतो. म्हणून बेसला थोडं सॅच्युरेशन लावून बघ, असं सुचव.

मग शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय असं समजून आवाज अगदी बारीक कर. हळू आवाजात कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये हे मोजून मांडलं होतं. तेव्हा एवढ्या हळू ऐकताना बेस दबणारच, त्याचा दोष गाण्याला लावू नये. मात्र गाणाऱ्याचे शब्द आणि ठेका एवढ्या हळू आवाजातही हाती लागायला हवेत. यातलं एकही सुटत असेल तर ते लिहून ठेव. ही परीक्षा मला महागड्या स्पीकरपेक्षाही भरवशाची वाटते.

आता प्रत्यक्ष एक ट्रॅक घेऊ. परवा तू मला ऐकवलास तोच, हलगी-संबळाचा, वर त्या मुलीचा आवाज असलेला. त्यातलं हलगीचं सॅम्पल खऱ्या हलगीचंच होतं आणि चांगलं होतं. तरी वाजायला लागली की ती हलगी वाटत नव्हती. तुझ्या मित्रानं स्वर माउसनं एकेक करून टाकले होते. मिडी ही पद्धत १९८३ पासून चालत आलीय आणि तीत प्रत्येक ठोक्याच्या जोराला १ ते १२७ मधला एक आकडा असतो. माउसनं टाकलेल्या ठोक्याला सॉफ्टवेअर दरवेळी तोच ठरलेला आकडा देतं. हलगीवाल्याच्या एका हातात जाड टिपरू असतं, दुसऱ्यात पातळ काडी. टिपरू बोलतं आणि काडी मधल्या जागा भरते. काडीचे ठोके टिपरूएवढ्याच जोरानं पडले की ऐकणाऱ्याला दोन हात दिसत नाहीत. शिवाय तेच सॅम्पल त्याच जोरानं लागोपाठ वाजलं की कान ते लगेच ओळखतो, आणि जलद जागेवर तर नुसता टरटराट होतो.

दुसरी गोष्ट जागेची. त्याचा प्रत्येक ठोका ग्रिडच्या रेषेवर बरोब्बर बसलेला होता. यावर 'ह्युमनाइज'चं बटण दाबायला सांगणारे पुष्कळ भेटतील. त्या बटणानं ठोके इकडेतिकडे विस्कटतात, पण माणूस असा विस्कटून वाजवत नाही. उठानाला तो किंचित पुढे सरकतो, समेवर येऊन टेकतो, लग्गी लावताना मधले ठोके दाबून वाजवतो. त्याच्या पुढेमागे होण्यालाही रीत असते. म्हणून माझा उपाय साधा आहे: टेबलावर दोन बोटांनी तो ठेका वाजव, फोनवर रेकॉर्ड कर, ते रेकॉर्डिंग ट्रॅकखाली ठेव आणि हलगीचे ठोके त्यावर सरकवून बसव. ज्याच्या बोटांत ठेका आहे त्याचा तो ग्रिडमध्ये हरवलेला असतो, एवढंच. ढोलकीच्या धुमेचं याहून अवघड आहे. तिथला घुमारा तळव्याच्या दाबानं वरखाली होतो आणि एका ठोक्याच्या सॅम्पलमध्ये तो येत नाही. तिथे पिच बेंड हातानं काढावा लागतो किंवा घुमाऱ्याची वेगळी सॅम्पल शोधावी लागतात. हे त्याला एकाच बैठकीत सांगू नकोस, हलगी जमली की मग.

आणि सांगताना 'हलगी मेलेली आहे' म्हणू नकोस. '०:४८ पासून हलगीचा प्रत्येक ठोका सारख्याच जोराचा ऐकू येतो, काडीचे हलके करून बघ' एवढं पुरतं.

लयीबद्दलही एक विचार. अनेक सॉफ्टवेअर नवी फाइल उघडली की लय १२० वर ठेवूनच देतात आणि नवशिका त्याच लयीत चाल बसवतो. गाणारीची दमछाक होते, किंवा शब्द ताणावे लागतात, आणि दोघांनाही कळत नाही की कुठे बिघडलंय. ही लय तू निवडलीस की आपोआप आली, असं मोकळेपणी विचार. आपोआप आली असेल तर गाणारीला क्लिकशिवाय, नुसत्या तानपुऱ्यावर दोनदा गाऊन घ्यायला सांग आणि त्यावरून लय मोज. ग्रिडही तसंच चारांच्या मोजणीत उघडतं. रूपकाच्या सात मात्रा, झपतालाच्या दहा त्यात सहज बसवता येतात, पण ते बदलता येतं हे आधी ठाऊक हवं.

आता गळा. आपल्याकडचे ऐकणारे वाद्यांचं एक वेळ माफ करतील, शब्दांचं करत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. त्यामुळे शब्द आधी ऐक. 'मन मोकळं' हे दोन शब्द चालीत 'मनमो' आणि 'कळं' असे फुटत असतील, तर कितीही गोड आवाजात गायले तरी अर्थ लागत नाही. हे कानाला झटकन कळतं, पण चाल करणाऱ्याला कळत नाही, कारण त्याला शब्द पाठ असतात. तेव्हा शब्द न वाचता ऐक आणि जे ऐकू आलं ते जसंच्या तसं लिहून त्याला पाठव. त्याहून स्वच्छ अभिप्राय दुसरा नाही. शब्द तुटत नसूनही कळत नसेल तर दोन जागा बघायच्या. रिव्हर्ब फार आहे का? अभंग म्हटलं की गाभाऱ्यासारखा घुमवायचा अशी एक समजूत आहे, आणि त्यात जोडाक्षरं विरघळून जातात. आणि आवाजाच्याच पट्ट्यात दुसरं काही वाजतंय का? कान दोन ते चार हजार हर्ट्झच्या आसपास सगळ्यात तल्लख असतो आणि व्यंजनांचा ठसठशीतपणा बराचसा तिथे असतो. तिथेच टाळ, तिथेच गिटार असेल तर गाणारीनं काय करावं?

मग सूर. ऑटो-ट्यून १९९७ मध्ये आलं. ते करणारे अँडी हिल्डब्रँड आधी तेलाचे साठे शोधण्यासाठी जमिनीतून परतणाऱ्या ध्वनिलहरींचं गणित मांडत असत. पुढच्याच वर्षी शेर या गायिकेच्या 'बिलीव्ह'मध्ये ते इतकं उघडपणे वापरलं गेलं की तो आवाज म्हणजेच एक शैली झाली. कुणी मुद्दाम तसा आवाज मागत असेल तर हरकत घेऊ नकोस. पण भावगीत किंवा लावणी करणारा जेव्हा सूर ओढण्याचा वेग सगळ्यात जास्त ठेवतो आणि बाराही स्वर खुले सोडतो, तेव्हा सॉफ्टवेअर मुरकीचे तुकडे करून शेजारच्या पायऱ्यांवर बसवतं, कणस्वर खाऊन टाकतं, मींड जिन्यासारखी उतरते. त्याला दोन गोष्टी सुचव: वेग कमी कर, आणि गाण्यात लागतात तेवढेच स्वर ठेव. आणि मुरकीच्या जागी ते बंदच कर.

एक बारकावा आणखी, कारण तुला तो ऐकू येईल असं मला वाटतं. की-बोर्डचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा १४ सेंट चढा असतो. एका अर्धस्वरात १०० सेंट, म्हणजे हा फरक लहान आहे, पण तानपुरा चालू असताना त्यावर लांब गंधार धरला की कळतो. नुसता तानपुरा असेल तिथे गाणारीचा गंधार ओढून की-बोर्डच्या जागी नेऊ नये, ती आपोआप योग्य जागी लावते. मागे कॉर्ड आणि पॅड भरलेले असतील तर मात्र तिला त्यांच्याबरोबर जावं लागतं. दोन्ही एकाच वेळी ठेवले की कुठेतरी आंबट लागतं आणि मुलगा बिचारा गाणारीला बेसूर समजतो.

यावरून कुणी लगेच म्हणेल, बघा, यंत्रच वाईट. तसं म्हणू नकोस. याच तक्रारीवरून, की पेटीला मींड नाही आणि तिचे स्वर ठरून गेलेले, आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, ती १९७१ मध्ये जरा सैल झाली. त्या काळात पेटीनं आपल्या संगीतात काय काय केलं ते तुला ठाऊक आहे. आणि चरणजित सिंग यांचं नाव लक्षात ठेव. मुंबईतले वादक, हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारे. १९८२ मध्ये एचएमव्हीनं त्यांची एक रेकॉर्ड काढली, दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर. सगळं रोलंडच्या यंत्रांवर: ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८. तेव्हा ती फारशी कुणी घेतली नाही. पुढे शिकागोतून अ‍ॅसिड हाऊस नावाचं संगीत जगभर गेलं तेही त्याच टीबी-३०३ च्या आवाजावर, आणि २०१० मध्ये सिंग यांची रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा युरोपातले ऐकणारे चकित झाले, की मुंबईत हे आधीच होऊन गेलं होतं. तुझ्या मित्राचा ट्रॅक तुला विचित्र वाटला, तर 'हे मुद्दाम केलंयस का?' एवढं विचारून मग बोल. फाटलेला आवाज, वाकडी लय, कर्कश सिंथ, यांतलं काहीही त्यानं हौसेनं निवडलेलं असू शकतं. हौसेनं निवडलं असेल तर आणखी धीटपणे करायला सांग. नकळत झालं असेल तर दुरुस्ती सुचव.

घरी केलेल्या ट्रॅकमध्ये मला सगळ्यात जास्त आढळतं ते भरणं. आठ मात्रांचा तुकडा छान जमतो, मग तो कॉपी-पेस्ट होत जातो, आणि रटाळ वाटू नये म्हणून दर वेळी वर एक नवीन वाद्य चढतं. दोन मिनिटांवर पेटी, पॅड, स्ट्रिंग्ज, गिटार आणि गळा, सगळे मध्य सप्तकात. दोनशे ते चारशे हर्ट्झच्या त्या पट्ट्यात लोकलच्या चौथ्या सीटसारखी अवस्था होते, प्रत्येक जण अर्धा बसलेला. मग मुलगा प्रत्येकाला इक्वलायझर लावून थोडं थोडं कापतो आणि सगळेच पातळ होतात. अशा वेळी तू एकच काम दे: शेवटच्या अंतऱ्यात एकेक ट्रॅक म्यूट करून ऐक, आणि जो गेल्याचं कळलं नाही तो परत आणू नकोस. उरलेल्यांपैकी एकाला सप्तक बदलायला सांग, पेटी वर जाऊ दे किंवा पॅड खाली. मुखडा परत येण्याआधी सगळं थांबवून नुसता गळा आणि टाळ राहू दिले तर तोच मुखडा पुन्हा आला तरी नवा वाटतो. जुने अरेंजर हे वाद्यवृंद समोर बसलेला असताना करत. वादकाला हात दाखवून गप्प बसवत.

स्ट्रिंग्जवरून आठवलं. घरच्या की-बोर्डवरच्या स्ट्रिंग्ज ऐकून 'सैराटसारखं का नाही वाजत' असं विचारणारा मुलगा तुला भेटेलच. 'सैराट'साठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडच्या स्टुडिओत खऱ्या सिम्फनी ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतलं होतं. त्या तराजूत त्याला तोलू नये, आणि त्यालाही स्वतःला तोलू देऊ नये. नमुना द्यायचा तर त्याच्याच जातीचा दे, दोन-चार वाद्यांत केलेलं एखादं चांगलं गाणं, आणि दोन्हींचा आवाज सारखा करून ऐकव. एखादा डेसिबल जास्त असला तरी माणसाला मोठं तेच छान वाटतं. स्ट्रिंग्जचं म्हणशील तर दोन्ही हातांनी कॉर्ड धरून ठेवण्याऐवजी दोनच ओळी वाजव, गाणारी जिथे श्वास घेते तिथे त्यांनाही घेऊ दे, असं सांग. निम्मा फरक तिथेच पडतो.

आता खोलीचं, कारण याबद्दल कुणी बोलत नाही. ट्रॅकमध्ये बेस फारच कमी किंवा फारच जास्त असेल तर लगेच त्याच्या कानावर शंका घेऊ नकोस. तू कुठे बसून करतोस, असं विचार. आपल्या घरांत दहा बाय दहाची खोली, फरशी उघडी, टेबल भिंतीला लावलेलं. दहा फूट म्हणजे साधारण तीन मीटर, आणि एवढ्या अंतरावर समोरासमोर भिंती असल्या की ५६ हर्ट्झच्या आसपासचा स्वर भिंतीजवळ फुगतो आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. खोली चौरस असली की लांबी-रुंदी दोन्हींचा तोच स्वर, म्हणजे दुप्पट. अगदी खालच्या सप्तकातली एक पांढरी सहा ५५ हर्ट्झची. त्या पट्टीत गाणं असेल आणि मुलगा भिंतीजवळ बसला असेल तर त्याला बेस बेसुमार वाटतो, तो कमी करतो, आणि आपल्याला गाणं पोकळ ऐकू येतं. खुर्ची भिंतीपासून काढून खोलीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात आणायला सांग, आणि बेसचा निर्णय हेडफोनवर ताडून बघायला सांग. पैसे लागत नाहीत. भिंतीला लावलेल्या गाद्या वरचे आवाज शोषतात, एवढ्या खालच्या स्वराला त्या दाद देत नाहीत.

मोठेपणाबद्दल थोडक्यात. सगळं लिमिटरमध्ये कोंबून जोरात वाजवायचा मोह प्रत्येकाला होतो. स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (हे ऐकू येणाऱ्या मोठेपणाचं माप) पातळीवर आणून वाजवतं, म्हणजे कोंबलेलं गाणं तिथे खालीच ओढलं जातं आणि मार खाल्लेले ठोके तेवढे उरतात. शिखर उणे १ डेसिबलच्या खाली ठेव म्हणावं, बाकी सोड. मिरवणुकीसाठी करत असेल तर मोनो करून ऐकायला मात्र नक्की सांग. तिथले स्पीकर बहुधा मोनोच चालवतात आणि स्टिरिओत रुंद पसरवलेला सिंथ मोनोत कधी कधी स्वतःलाच खोडून टाकतो.

हे सगळं ऐकलंस, लिहिलंस, कागदावर वीस गोष्टी जमल्या. त्यातल्या तीन सांगायच्या. निवडताना क्रम असा: चाल आणि शब्द आधी, मग वाद्यांची मांडणी, मग आवाज. वरचं बिघडलेलं असताना खालचं सुधारून भागत नाही. बाकीच्या सतरा तुझ्याकडे राहू देत, पुढच्या गाण्यांत निम्म्या आपोआप जातील.

चांगलं काय आहे तेही वेळेसकट सांग. ते त्याला बरं वाटावं म्हणून नव्हे. दुरुस्त करायला बसलेला माणूस सगळ्यालाच हात लावतो आणि जमलेलं मोडून बसतो. '२:०५ ला संबळ एकटा राहतो ती जागा सुरेख आहे, तिला हात लावू नकोस' असं सांगितलंस म्हणजे ती जागा वाचली. आणि काय ऐकू येतं ते खात्रीनं सांग, उपाय मात्र 'करून बघ' या शब्दांत. ऐकणाऱ्याची जागा सहसा चुकत नाही, इलाज पुष्कळदा चुकतो. तुला गळा मागे गेल्यासारखा वाटेल, तू म्हणशील गळा वाढव, आणि खरं दुखणं पेटीचं असेल.

घरच्या ग्रुपवर, चारचौघांत, यातलं काही बोलू नकोस. तिथे फक्त 'ऐकलं, आवडलं, संध्याकाळी फोन करतो' एवढं. आणि फोन खरंच कर. चौदा वर्षांच्या मुलानं पहिल्यांदा केलेलं असेल तर तीनऐवजी एकच गोष्ट, तीही त्याच्या हातानं अर्ध्या तासात होईल अशी. कुणी पैसे घेऊन गाणी करायला निघाला असेल तर त्याच्याशी सरळ बोल, आणि एखाद्या पॅकमधला सगळ्यांच्या कानात बसलेला लूप जसाच्या तसा घेतलाय का, जुन्या गाण्याची चाल उचललीय का, हेही विचार. हक्क दुसऱ्याचे असतील तर ते आज कळलेलं बरं. कुणाचंही असो, 'फाइल दे, मी करून देतो' म्हणू नकोस. तू अर्ध्या तासात करशील, आणि तो त्याच जागी पुन्हा अडेल.

नवी फाइल आली की तीही आधी सलग ऐक, आपल्या सूचना शोधत न बसता. मग जुनी आणि नवी सारख्या आवाजात लावून पडताळ. तीनपैकी त्यानं एकच ऐकली असेल, चालेल. हलगीचे ठोके सुधारण्याऐवजी त्यानं तिथे हलगीच काढून टाकली असेल आणि त्यामुळे १:१२ चा शब्द आता कळत असेल, तर तेवढं लिहून कळव, वेळेसकट. आणि जुनी फाइल तारीख घालून वेगळी ठेवलीय ना, ते विचार. पुष्कळ मुलं त्याच नावावर सेव्ह करत जातात, आणि आठ दिवसांनी आधीचाच अंतरा बरा होता असं वाटलं की त्यांच्याकडे तो उरलेला नसतो.